होडी सुरू झाली, पण दोष सापडला का?



डिंभे धरणाचा जलाशय आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. घोड नदीवरील या धरणाच्या पाण्याखाली मूळचे आंबेगाव गेले आणि तालुक्याला तेवढे त्याचे नाव उरले. हुतात्मा बाबू गेनूंचे नाव लाभलेल्या या जलाशयात ज्यांची शेते बुडाली, त्यांतील कित्येक आदिवासी कुटुंबे पुढे मासेमारीकडे वळली. अशा ठिकाणी पाणी हाच रस्ता आणि पाणी हेच शेत. तेथे इंजिनाची होडी मध्येच बंद पडली, तर ती साधी गैरसोय राहत नाही.

लहान होडीतील विजेचा पसारा फार मोठा नसतो. १२ व्होल्टची बॅटरी, सेल्फ, दिवा, आत आलेले पाणी उपसणारा पंप, आणि या सर्वांना जोडणाऱ्या तारा व फ्यूज. सेल्फ मारला की नुसता 'टक्' आवाज येतो, तेव्हा आपण लगेच म्हणतो, "बॅटरी गेली." फ्यूज पुन्हा पुन्हा उडू लागला, की त्याच्या जागी तांब्याची जाड तार बसवून मोकळे होतो. होडी सुरू होते. कोणी विचारील, "काम झाले, कोणाचे नुकसानही झाले नाही, मग यात चुकीचे काय?" प्रश्न साधा दिसतो, पण तो नीतीचा प्रश्न आहे.

फ्यूज मुद्दाम कमजोर ठेवलेला असतो. तारेला सोसणार नाही इतका प्रवाह वाहू लागला, की तारेआधी त्याने वितळावे, हेच त्याचे काम. त्याच्या जागी जाड तार आली, की उष्णता फळीखालच्या, कोणाला न दिसणाऱ्या तारेत साठते आणि तिचे आवरण वितळते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते; ती होडीच्या तळाशीच साचते. तेथे एक ठिणगी पुरते.

जाणता मिस्त्री आधी मोजतो, मग बोलतो. स्वस्थ असलेली चांगली भरलेली बॅटरी मीटरवर सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. पण एवढ्यावर तो थांबत नाही. तो मीटरची दोन टोके एकाच केबलच्या दोन्ही टोकांना लावतो आणि दुसऱ्याला सेल्फ दाबायला सांगतो. केबल धड असेल तर आकडा शून्याच्या जवळपास राहतो. अर्धा व्होल्ट किंवा त्याहून अधिक दिसला, तर वीज वाटेतच अडते आहे. मग टर्मिनलवर साचलेला हिरवट थर सापडतो, नाहीतर सैल अर्थिंग. बॅटरी निर्दोष असते. पॉलिश पेपरने घासून, आवळून, ग्रीस लावले की काम होते.

ॲरिस्टॉटलने 'असे आहे' हे जाणणे आणि 'असे का आहे' हे जाणणे यांत भेद केला. होडी सुरू झाली, हे पहिले ज्ञान. दुसऱ्यासाठी वेळ मोडावा लागतो, आणि ज्याचे पोट दिवसाच्या मासळीवर आहे त्याला तो परवडत नाही, हे आम्हाला मान्य आहे. भर पाण्यात अडकलेल्याने काहीतरी करून काठ गाठावा. त्याला कोण दोष देईल? दोष तेव्हा सुरू होतो, जेव्हा काठाला लागल्यावरही तो तात्पुरता उपाय तसाच ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी होडीत बसणाऱ्यांना त्याविषयी काहीच सांगितले जात नाही. त्यांना फळीखालचे दिसत नाही. ती माणसे विश्वासावर बसलेली असतात. म्हणून ज्याला दिसते, त्याच्यावर कारण शोधण्याचे कर्तव्य येते.

१८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईहून घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची स्पीडबोट आदळली आणि अनेकांचे प्राण गेले. इंजिनातील बिघाडामुळे ताबा सुटल्याचे नौदलाने सांगितले. 'नीलकमल'मधल्या प्रवाशांचा त्या इंजिनाशी काय संबंध होता? बिघाडाची किंमत पुष्कळदा असा काहीही संबंध नसलेला माणूसच मोजतो.

आपल्यापैकी बहुतेकांकडे होडी नाही. पण विहिरीवर मोटार आहे आणि तिच्या पेटीत फ्यूज आहे. त्यात कोणती तार बसवली आहे, हे या आठवड्यात जाणकाराकडून, वीज बंद करून, पाहून घ्यावे. रात्री पाणी द्यायला जाणारा मुलगा किंवा गडी त्या पेटीला हात लावतो.

आणि घरातही पाहावे. वारंवार कुरकुर करणाऱ्या सुनेला, उलट प्रश्न विचारणाऱ्या मुलाला गप्प केले, की घर शांत होते. ती शांतता खरी आहे, की फ्यूजच्या जागी आपण तार बसवली आहे? त्यांचे म्हणणे प्रत्येक वेळी बरोबर असेलच असे नाही. पण ते का बोलतात, हे एकदा बसून विचारायला काय हरकत आहे?

– आपले धर्मगुरू