ज्यांना कुणी विचारलं नाही

मिशनकार्यासाठी परदेशी गेलेल्या कुटुंबांच्या त्यागाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. त्या त्यागाचा एक मोठा वाटा मायदेशी राहिलेल्या आजी-आजोबांनी उचलला, आणि त्यांचं मत मात्र कुणी घेतलं नाही. मुलाने देवाची हाक ऐकली, सुनेने ती मानली, नातवंडं तिकडेच जन्मली. इकडे आलं ते पत्र. तेही शिळं होऊन.

अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल 1813 मध्ये मुंबईत आले, तेव्हा अमेरिकेतून येणारं जहाज आफ्रिकेला वळसा घालून कित्येक महिन्यांनी इथे लागत असे. 1825 मध्ये त्यांच्या पत्नी दोन मुलांना घेऊन अमेरिकेला निघाल्या. त्यातला एक मुलगा वाटेतच गेला. पुढच्या मार्चमध्ये हॉल नाशिककडे पटकीच्या रोग्यांना औषध देत होते. जवळचं औषध संपलं. परतीच्या वाटेवर त्यांनाच पटकीने गाठलं आणि एका देवळाच्या ओसरीत त्यांचा अंत झाला. अशा काळात म्हाताऱ्या आईवडिलांनी मुलाला भेटायला हिंदुस्थानात यावं, ही कल्पनासुद्धा कुणाला सुचली नसेल.

1869 मध्ये सुएझचा कालवा झाला आणि प्रवास आठवड्यांवर आला, तरी रीत फारशी बदलली नाही. हवापाणी मानवत नाही, शिक्षणाची सोय नाही, म्हणून लहान मुलांनाच मायदेशी धाडत. पुढे 1924 च्या ऑलिंपिकमध्ये 400 मीटरचं सुवर्णपदक जिंकलेला एरिक लिडेल सहा वर्षांचा असताना भावाबरोबर इंग्लंडच्या बोर्डिंग शाळेत राहिला आणि मिशनरी आईवडील चीनला परतले. आपल्या अहमदनगरला काही घरं वेगळी निघाली. तिथले मिशनरी रॉबर्ट ह्यूम यांनी सॅम्युएल फेअरबँक या मिशनऱ्यांची मुलगी केली. दोन्ही घराणी मराठी मिशनचीच, म्हणून आजोबा जिल्ह्यातच होते. पण असं भाग्य थोड्यांचं.

मला सर्वांत मोलाची वाटते ती मार्गारेट एडी यांची गोष्ट. त्यांचा मुलगा शेरवूड एडी वायएमसीएच्या कामासाठी 1896 मध्ये दक्षिण भारतात आला होता. आई त्याला भेटायला आली. कोडाईकनालला मिशनऱ्यांच्या मुलांसाठी 1901 मध्ये हायक्लर्क नावाची शाळा निघाली, तिची पहिली मुख्याध्यापिका हीच आई झाली. पाहुणी म्हणून आलेल्या बाईने मिशनरी घरांतली सगळ्यांत दुखरी गोष्ट हेरली. मुलं आईवडिलांपासून फार दूर जात होती. शाळा भारतातच निघाल्यामुळे ते अंतर सात समुद्रांऐवजी आगगाडी आणि घाटाएवढं उरलं.

आज विमान आहे, व्हिडिओ कॉल आहे. मुलीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला जाऊन आलेल्या मराठी आजीला हा प्रवास नवा नाही. तरी मिशनरी घरातली भेट थोडी वेगळी असते. तिथे घर आणि काम यांच्यात भिंत नसते. पहाटेपासून दाराशी कुणीतरी उभं असतं, कुणाचं मूल आजारी, कुणाची फी भरायची. आजी केनियाच्या बाजारात भाजी घ्यायला निघते तेव्हा आठ वर्षांची नात पुढे होऊन स्वाहिलीत घासाघीस करते आणि आजीला सांगते, "तू बोलू नकोस, भाव वाढवतील." आजीला कौतुक वाटतं आणि त्याच क्षणी कळतं, ही पोर आता इथली झाली. हे दुःख खरं आहे. त्याला श्रद्धेची उणीव म्हणणाऱ्यांशी माझं मुळीच पटत नाही. ज्याने मुलगा दिला त्याला रडण्याचाही अधिकार आहे.

आणि आजोबांकडे असं काही असतं जे मुलाच्या कामाच्या गावात दुसऱ्या कुणाकडेच नाही. गाव ज्याला मान देतं तो माणूस लहानपणी गणितात नापास झाला होता, अंधाराला घाबरत होता, हे फक्त तेच सांगू शकतात. नातवंडांना बाप तेव्हा पुरता कळतो. मिशनऱ्यांच्या मुलांना आपले आईवडील पुष्कळदा गावाबरोबर वाटून घ्यावे लागतात. आजोबांच्या गोष्टींतले आईवडील फक्त त्यांचे असतात.

म्हणून माणसं पाठवणाऱ्या मंडळ्यांना आणि संस्थांना माझं सांगणं आहे. कुटुंबाच्या खर्चाचा अंदाज करताना शाळेची फी, औषधं, गाडी धरता, तशी आजी-आजोबांची दोन तिकिटंही धरा. आणि ते आले की त्यांना प्रेक्षणीय स्थळं दाखवत फिरवू नका. स्वयंपाकघरात जागा द्या, मुलांचा अभ्यास त्यांच्याकडे सोपवा, दाराशी आलेल्या माणसाला पाणी त्यांना देऊ द्या. त्यांनी आधीच खूप दिलं आहे. निदान इथे त्यांना पाहुणं ठेवू नका.