आरोपीच्या घरी कोण जाते?



गेल्या महिन्यात रविवारची मिस्सा संपल्यावर धर्मग्रामातील एका भगिनीने आमच्या हातात एक इंग्रजी कादंबरी ठेवली आणि म्हणाली, "फादर, वाचा आणि मला सांगा, ही मैत्री खरी होती का?" पुस्तक वाचायला आम्हाला तीन रात्री लागल्या. तिच्या प्रश्नावर मात्र अजून विचार चालूच आहे, म्हणून तो आज आपणा सर्वांपुढे मांडत आहोत.

कादंबरीचे नाव 'द फॅमिलिअर्स'. लेखिका स्टेसी हॉल्स, प्रकाशन २०१९ चे. काळ १६१२ सालचा, स्थळ उत्तर इंग्लंडमधील लँकेशर परगण्यातील पेंडल डोंगराचा परिसर. फ्लीटवुड ही सतरा वर्षांची श्रीमंत घरची सून गरोदर आहे. आधीची मुले हाती लागलेली नाहीत, आणि या वेळी आपण वाचणार नाही अशी भीती तिच्या मनात बसली आहे. तिला अ‍ॅलिस नावाची गरीब सुईण भेटते. दोघींची मैत्री जमते. मग त्या सुईणीवर चेटूक केल्याचा आरोप येतो आणि फ्लीटवुड तिला वाचवायला धावते.

यातले खरे किती? फ्लीटवुड शटलवर्थ खरी होती. तिचे घर, गॉथॉर्प हॉल, आजही उभे आहे. अ‍ॅलिस ग्रे नावाची स्त्रीही खरी. तिच्यावर आणि कॅथरीन हेविट नावाच्या दुसऱ्या स्त्रीवर मिळून एका लहान मुलीला चेटकाने मारल्याचा आरोप होता. आरोप एकच; पण हेविटला फाशी झाली आणि ग्रे निर्दोष सुटली. न्यायालयाचा कारकून थॉमस पॉट्स याने १६१३ साली या खटल्यांवर पुस्तक छापले, पण ग्रे का सुटली याचा खुलासा त्यात नाही. त्या मोकळ्या जागेत लेखिकेने एक मैत्रीण आणून बसवली आहे. फ्लीटवुड आणि अ‍ॅलिस एकमेकींना ओळखत होत्या याचा एकही कागद नाही.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना अ‍ॅरिस्टॉटलचे एक मत आम्ही पाठ केले होते. इतिहास घडलेले सांगतो, काव्य घडू शकणारे सांगते, म्हणून काव्य तत्त्वज्ञानाच्या अधिक जवळ. त्या न्यायाने लेखिकेला दोष देता येत नाही. पण त्याच अ‍ॅरिस्टॉटलने मैत्रीबद्दल आणखी एक अवघड गोष्ट सांगितली आहे. दोघांमधले अंतर फार वाढले की मैत्री टिकत नाही. मालकीण आणि सुईण यांच्यात मैत्री होते की उपकार होतो? कादंबरी वाचताना आपण नकळत फ्लीटवुडच्या घोड्यावर बसतो. आपण वाचवणारे होतो. ते सुखाचे असते, आणि आम्हाला शंका येते ती नेमकी तिथेच.

कारण मैत्री शोधायचीच असेल तर ती कादंबरीपेक्षा कारकुनाच्या पुस्तकातच सापडते. फक्त तिथे तिचे नाव गुन्हा असे आहे.

झाले असे. मार्च १६१२ मध्ये अलिझन डिव्हाइस या गरीब मुलीने वाटेत एका फेरीवाल्याकडे टाचण्या मागितल्या. त्याने दिल्या नाहीत. थोड्याच वेळात तो कोसळला, अंगाची एक बाजू लुळी पडली. आज आपण त्याला पक्षाघात म्हणू. पण आपल्याच रागाने हे झाले असे त्या मुलीलाही वाटले आणि तिने त्याची क्षमा मागितली. तिची चौकशी झाली. चौकशीतून तिची म्हातारी आजी डेमडाइक, दुसऱ्या घरची म्हातारी चॅटॉक्स आणि चॅटॉक्सची मुलगी अशी नावे निघाली. एप्रिलच्या सुरुवातीला या चौघींना लँकेस्टरच्या किल्ल्यात कोंडण्यात आले. जेम्स राजाच्या १६०४ च्या कायद्याने चेटकाने जीव घेण्याला मृत्युदंड होता, आणि राजाने स्वतः चेटकावर पुस्तक लिहिलेले होते.

ही दोन घरे एकमेकांची वैरी होती. धान्याची आणि कपड्यांची चोरी, त्यावरून जुनी भांडणे. ही काही गोड माणसे नव्हती, हे आधी सांगितलेले बरे.

चौघी आत गेल्या, आणि त्यानंतरच्या गुड फ्रायडेला, १० एप्रिलला, डेमडाइकच्या 'मॅल्किन टॉवर' नावाच्या घरी नातेवाईक आणि शेजारी जमले. घरच्या मुलाने, जेम्सने, कुणाचे तरी मेंढरू चोरून आणले होते. ते शिजवून सर्वांनी खाल्ले. (गुड फ्रायडेला मटण! आमच्या आजीने हे ऐकले असते तर चेटकाचा आरोप तिनेच केला असता.) अधिकाऱ्यांनी या जमण्याला चेटकिणींची सभा म्हटले, किल्ला उडवण्याचा कट म्हटले. सात वर्षांपूर्वी, १६०५ मध्ये, पार्लमेंट उडवण्याचा कट उघडकीस आला होता, त्याची भीती अजून ताजी होती. आम्हाला मात्र त्या दिवशी दुसरेच दिसते. घरातली माणसे तुरुंगात गेली आहेत, आणि त्या घरी कोणीतरी आले आहे. कॅथरीन हेविट आली होती. अ‍ॅलिस नटर आली होती. नटर खाऊनपिऊन सुखी घरातली विधवा, तिला त्या झोपडीत जाण्याची काय गरज? तिने ते कधीच सांगितले नाही. 'मी दोषी नाही' एवढेच न्यायालयात म्हणाली आणि गप्प राहिली.

ऑगस्टमध्ये खटला उभा राहिला. मुख्य साक्षीदार होती जेनेट, अलिझनची सुमारे नऊ वर्षांची बहीण. मुलीला साक्ष द्यायला उभी केलेली पाहून आई इतकी ओरडू लागली की तिला बाहेर न्यावे लागले. मग जेनेटला टेबलावर उभे करून बोलते केले गेले. गुड फ्रायडेला कोण कोण आले होते ते दाखव, असे न्यायाधीशांनी तिला सांगितले. ती आरोपींच्या रांगेपाशी गेली आणि तिने अ‍ॅलिस नटरचा हात धरला.

२० ऑगस्ट १६१२ रोजी लँकेस्टरला दहा जणांना फाशी झाली. त्यांत आठ स्त्रिया होत्या. डेमडाइक त्याआधीच तुरुंगात मेली होती. त्या घरी जाणे हाच अनेकींविरुद्धचा मुख्य पुरावा ठरला. यापुढे चौकशी झालेल्या घरात पाय ठेवायचा नाही, हा धडा त्या परगण्याने त्या दिवशी शिकला असणार.

हे इंग्लंडच्या प्रॉटेस्टंट राजवटीतले, आपला काय संबंध, असे कोणी म्हणू नये. त्यानंतर पंधरा-वीस वर्षांच्या आत जर्मनीत व्युर्झबुर्ग आणि बांबेर्ग येथे आपल्याच बिशपांच्या सत्तेखाली शेकडो माणसे जाळली गेली. तिथे तर यातना देऊन विचारत, तुझ्याबरोबर आणखी कोण होते? आणि माणसे आपल्या शेजाऱ्यांची, सोबत्यांची नावे देत. फ्रीडरिश श्पे या येशूसंघीय धर्मगुरूने १६३१ मध्ये या पद्धतीविरुद्ध पुस्तक लिहिले. चेटकिणी यातनागृहातच तयार होतात, असे त्याचे म्हणणे. पुस्तकावर त्याचे नाव नव्हते. तेवढे भय त्यालाही होते, आणि आम्ही त्याला त्यासाठी कमी लेखत नाही.

कमी लेखणार तरी कसे? काही वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामात होतो. तिथे एका विधवेबद्दल कुजबुज सुरू झाली. शेजारचे मूल आजारी पडले आणि कोणीतरी म्हणाले, करणी केली. दोन आठवड्यांत तिच्याकडे चहाला जाणाऱ्या बाया बंद झाल्या. चर्चमध्ये तिच्या बाकावर तिच्या शेजारी कोणी बसेना. आम्ही प्रवचनातून अंधश्रद्धेवर आसूड ओढला, लोकांनी माना डोलावल्या. महाराष्ट्रात २०१३ सालापासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, त्याचीही आठवण दिली. पण तिच्या घरी? तिच्या घरी आम्ही तीन आठवडे गेलो नाही. आधी वातावरण शांत होऊ दे, उगाच एका बाजूचे दिसायला नको, अशी कारणे आम्ही स्वतःला देत राहिलो. तत्त्वज्ञानाच्या पदवीचा अशा वेळी फार उपयोग होतो, कारणे चांगली सुचतात.

जात होती ती एकच. मासळी विकणारी, वयाने साठीच्या पुढची, आणि त्या विधवेशी कुंपणाच्या भिंतीवरून वर्षानुवर्षे भांडलेली. रोज संध्याकाळी टोपली उतरवून तिच्या ओट्यावर जाऊन बसायची. आम्ही शेवटी गेलो तेव्हा दोघी लसूण सोलत होत्या. "तुमचं तर भांडण होतं ना?" असे आम्ही विचारले. ती म्हणाली, "भांडण आमचं आमचं आहे, फादर. त्यात गावाचं काय?"

मूल बरे झाले. साधा टायफॉइड होता. बाया हळूहळू परत जाऊ लागल्या, आणि कोणी तिची क्षमा मागितली असे आमच्या कानावर आले नाही. आम्हीही मागितली नाही.

'फॅमिलिअर' या शब्दाला इंग्रजीत दोन अर्थ आहेत. एक, चेटकिणीच्या सोबत राहणारा प्राण्याच्या रूपातला आत्मा, कुत्रा किंवा ससा. दुसरा साधा, घरोब्याचा, ओळखीचा. लेखिकेने शीर्षक विचार करूनच निवडले असावे. तरी पुस्तक परत करताना आम्ही त्या भगिनीला सांगणार आहोत की फ्लीटवुडने अ‍ॅलिसला वाचवले हे कल्पित आहे. वाचायला छान आहे, जरूर वाचावे. पण कॅथरीन हेविट गुड फ्रायडेला त्या घरी गेली होती, याची नोंद न्यायालयाच्या कारकुनाने केली आहे.

आणि तिला एक विचारायचेही आहे. अ‍ॅलिस ग्रे सुटली आणि किल्ल्याबाहेर आली. तिच्यासोबत धरलेली बाई फासावर गेली होती. त्या संध्याकाळी तिने कोणाचे दार ठोठावले असेल, आणि ते दार उघडले असेल का?