न दिलेली भाषा

परक्या भाषेत लिहिणारा लेखक आपल्या मायबोलीशी बेइमानी करतो काय? फराळाच्या ताटाशी असला कडू प्रश्न काढू नये खरा. पण फराळाआधी कारीट फोडण्याची आपली चालच आहे. वेल्स या चिमुकल्या देशाच्या इंग्रजी वाङ्मयाचा जन्म पाहताना हा प्रश्न मला छळतो.

वेल्श माणसाची पहिली इंग्रजी कविता १४७० च्या सुमाराची मानतात. ऑक्सफर्डमध्ये इंग्रजांनी वेल्श लोकांना हिणवले, तेव्हा येयन अप हवेल स्वुर्दवल या विद्यार्थ्याने मेरीमातेचे स्तोत्र इंग्रजीत रचले, अशी आख्यायिका आहे. शब्द इंग्रजी, पण त्यांचे लेखन वेल्श पद्धतीचे आणि अनुप्रासांची गुंफणही वेल्श! हा गडी परक्या अंगणात गेला, तो आपल्या घराची किल्ली कमरेला लावूनच.

पुढे ती किल्लीच गेली. १५३६ च्या कायद्याने न्यायकचेऱ्यांत इंग्रजी आली. १८४७ च्या सरकारी अहवालाने वेल्श भाषेला प्रगतीतली धोंड ठरवले. त्या शतकात काही शाळांत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवीत. दुसरा कोणी बोलताना सापडला, की तो त्याच्या गळ्यात जाई. अखेरीस ज्याच्यापाशी उरे, त्याला छडी. मी शिक्षक आहे. हे वाचून मान खाली जाते.

आधुनिक प्रवाहाचा आरंभ बरेच जण कॅरडॉक एव्हन्सच्या १९१५ च्या ‘माय पीपल’ या कथासंग्रहापासून धरतात. वेल्श मायबोलीच्या या लेखकाने स्वजनांचे ढोंग इंग्रजीत उघडे केले आणि वेल्समध्ये संताप उसळला. त्याच्या आदल्या वर्षी स्वान्झीत डिलन टॉमस जन्मला होता. वडील वेल्श जाणणारे, शाळेत इंग्रजी शिकवणारे. मुलाचे नाव त्यांनी प्राचीन वेल्श कथेतून घेतले. भाषा मात्र दिली नाही. उलट, इंग्रजी उच्चारांची शिकवणी लावली. मुलगा इंग्रजीतला थोर कवी झाला.

मग बेइमान कोण? जी भाषा मिळालीच नाही, तिच्यात लिहिले नाही म्हणून मुलाला दोष देता येत नाही. पण त्याच्या कवितेकडे बोट दाखवून भाषा गेल्याचे समर्थनही होत नाही. जळत्या घराच्या उजेडात कोणी ग्रंथ वाचला, म्हणून आग चांगली ठरत नाही.

धर्मोपदेशक कवी आर. एस. टॉमस (१९१३–२०००) इंग्रजीत वाढला आणि तिशीच्या सुमारास वेल्श शिकला. कविता त्याने इंग्रजीतच लिहिली. कवितेचा कान बालपणीच घडतो. आत्मचरित्र मात्र १९८५ मध्ये वेल्शमध्ये लिहिले आणि नाव ठेवले ‘नेब’, म्हणजे ‘कोणीच नाही’.

लेखकाने मिळालेल्या भाषेत जीव ओतावा. त्यात पाप नाही. पण मुलाला दुसरी भाषा देताना पहिली काढून घेण्याचा अधिकार सरकारला नाही, शाळेला नाही, आणि प्रेमापोटी बापालाही नाही.