वाद्याचा आवाज आणि आपला अधिकार

लहान आवाजाच्या वाद्याला मोठ्या सभेत बोलते करावे की नाही, हा प्रश्न वरवर पाहता कारागिराचा वाटतो. परंतु त्यासाठी वाद्याच्या अंगाला छिद्र पाडावे लागते आणि एकदा पाडलेले छिद्र पुन्हा पूर्ववत होत नाही, हे ध्यानात आले म्हणजे तोच प्रश्न नीतीचाही होतो.

रायपुरातील मराठी घरांतून पेटी-तबल्याच्या जोडीला आता युकुलेलेही दिसू लागले आहे. या चार तारांच्या वाद्याचे पूर्वज पोर्तुगालच्या मदेइरा बेटावरचे. १८७९ साली तेथील माणसे उसाच्या मळ्यांत राबण्यासाठी हवाईला गेली. त्यांच्याबरोबर त्यांची छोटी तंतुवाद्ये गेली, आणि हवाईच्या लोकांनी त्यांतून घडलेल्या वाद्याला स्वतःच्या भाषेतले नाव दिले. परमुलखात नेलेली वस्तू तिथल्या मातीची होऊन बसते, हे छत्तीसगडात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्यांना निराळे सांगावयास नको.

पण हे वाद्य मुळात ओसरीवरचे. नायलॉनच्या तारा आणि वीतभर पोकळी यांतून निघणारा स्वर गणेशोत्सवाच्या मांडवात तिसऱ्या रांगेपलीकडे पोचत नाही. समोर मायक्रोफोन ठेवावा, तर तो शेजारचा तबला आणि वरचा पंखाही तितक्याच आस्थेने टिपतो. म्हणून पिकअप बसविण्याचा विचार पुढे येतो. तारा लोखंडी नसल्यामुळे चुंबकाचा पिकअप येथे निरुपयोगी. दाबाने वीज देणाऱ्या पदार्थाची पट्टी लागते. स्फटिकांचा हा गुण पिएर आणि जाक क्यूरी या बंधूंनी १८८० साली दाखवून दिला. घोडीवरच्या ज्या हाडासारख्या पट्टीवर तारा टेकतात, तिच्याखाली ही दुसरी पट्टी सरकवावयाची; तिच्या जाडीइतका वरच्या पट्टीचा तळ कानशीने सपाट घासावयाचा, कारण तळ किंचित वाकडा राहिला तरी एक तार ओरडते आणि दुसरी मुकी होते. मग घोडीच्या खाचेत एक बारीक छिद्र आणि वाद्याच्या बुडाशी बोटभर रुंदीचे दुसरे. गिरमिट फिरले की काम झाले.

या कामावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की, वाद्याचा नैसर्गिक आवाज नष्ट होतो. तो मला फारसा सबळ वाटत नाही. तार नुसती ताणली तर तिला आवाज तो किती? भोपळा, लाकडी पेटी, कातड्याने मढविलेले तोंड ही सारी आवाज वाढविण्याचीच साधने आहेत. तुंबा जोडणाऱ्या पूर्वजाने जे केले, तेच आपण विजेने करतो. शिवाय शेवटच्या रांगेत बसलेल्या श्रोत्याचा हक्क पहिल्या रांगेतल्यापेक्षा कमी कसा मानावा?

खरी अडचण दुसरी आहे. पट्टीला कळतो तो घोडीखालचा दाब. लाकडाच्या पाठीची थरथर, पोकळीतल्या हवेचा हुंकार, वादक आणि श्रोता यांच्यामधली जागा यांतले तिला फारच थोडे कळते. म्हणून कर्ण्यातून येणारा स्वर पुष्कळदा कोरडा लागतो. अनेक साक्षीदारांपैकी एकाचीच जबानी घेऊन निकाल देण्यासारखे हे आहे. जबानी खोटी नसते, अपुरी असते. आणि श्रोता मात्र तीच संपूर्ण समजून घरी जातो.

दोरीचाही विचार करावा लागतो. तीजनबाई यांच्या पंडवानीत हातातला तंबुरा क्षणात भीमाची गदा होतो, क्षणात अर्जुनाचे धनुष्य. त्या तंबुऱ्याच्या बुडातून वायर लोंबत असती, तर गदा उगारताना हात आखडलाच असता. वाद्याचे काम स्वर देण्यापुरते नसते. त्यात आणखी काय काय सामावलेले आहे, हे पाहिल्याशिवाय त्याला हात लावू नये.

आता कल्पना करा, त्याच घरात आजीचा मिरजेचा तंबोरा आहे. एकोणिसाव्या शतकात मिरजेच्या फरीदसाहेब शिकलगारांनी शस्त्रांच्या कामाला सरावलेले हात वाद्यांकडे वळविले, आणि तेथील सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. युकुलेलेला छिद्र पाडणारी नात विचारते, "तंबोऱ्याला का नको?" तिला "तो जुना आहे" एवढेच उत्तर देणे म्हणजे प्रश्न टाळणे होय. कारखान्यात एकाच साच्याने निघालेल्या हजारो युकुलेलेंपैकी एकाला छिद्र पडल्याने जगातला कोणताही स्वर कायमचा हरपत नाही. तंबोऱ्याचा भोपळा मात्र एकाच वेलीवर एकदाच धरला, त्याची जवारी एकाच हाताने लावली. तेथे चूक झाली तर भरपाई नाही. आणि तंबोरा दूरच्या श्रोत्यासाठी नसतोच. तो गाणाऱ्याच्या कानाशी स्वर धरून ठेवण्यासाठी असतो. त्याला मोठा करण्यात सोय आपली, झीज त्याची.

विकत घेतल्याने किंवा वारसाने वस्तूवर मालकी येते, हे खरे. पण चांगले वाद्य माणसापेक्षा अधिक जगते. उद्या ते ज्याच्या मांडीवर असेल, त्याचा वाटा आज आपल्याकडे ठेव म्हणून असतो. ठेवीदाराला विचारता येत नसेल, तर निदान परत फिरता येईल अशी वाट आधी चोखाळावी. बाहेरून चिकटवावयाचा पिकअप प्रथम लावून पाहावा. तो स्वर तितका गोड नसेल, पण काढला की वाद्य जसेच्या तसे उरते. त्याने भागले नाही, तर युकुलेलेला खुशाल छिद्र पाडावे. त्या मुलीला ऐकू जाण्याचा हक्क आहे. तंबोऱ्याजवळ मात्र मायक्रोफोन न्यावा, आणि सभा लहान असेल तर तोही दूर ठेवून श्रोत्यांनाच चार पावले पुढे सरकावयास सांगावे. ऐकण्यासाठी थोडे कष्ट पडले म्हणून आजवर कोणाचे नुकसान झालेले नाही.