रस्सा वाढवा, वाटा काढा



मटण थोडे आणि जेवणारी माणसे अधिक असली की गृहिणी त्यात चण्याची डाळ व दुधीच्या फोडी घालते. आपला दालचा असाच शिजतो. पाहुण्यांपुढे तो वाढताना मात्र काहींना संकोच वाटतो. वस्तुतः संकोचाचे कारण नाही. एका शिंप्याने प्रेषित मुहम्मद (स.) यांना जेवावयास बोलावले. त्याने जवाची भाकरी आणि भोपळा व वाळवलेले मांस घातलेला रस्सा पुढे ठेवला. प्रेषितांनी (स.) भांड्याच्या कडेकडेने भोपळ्याच्याच फोडी शोधून खाल्ल्या. सोबत असलेल्या हजरत अनस (रजि.) यांना त्या दिवसापासून भोपळा प्रिय झाला.

हजरत अबू जर (रजि.) यांना प्रेषितांची (स.) शिकवण होती की, रस्सा शिजवताना पाणी अधिक घालावे आणि शेजाऱ्यांची आठवण ठेवावी. म्हणजे रस्सा वाढवायचा तो शेजाऱ्याचा वाटा निघावा म्हणून. आपल्या मटणाचा वास भिंतीपलीकडे रोज पोहोचतो. वाटी कधी पोहोचते का? शेजारी मांसाहारी नसेल, तर त्याच्यासाठी नुसत्या डाळ-भाजीची वाटी वेगळी शिजवावी. शेजाऱ्याचा हक्क त्याचा धर्म विचारून ठरत नाही.

अल्लाह आपल्या अन्नात बरकत देवो आणि ते वाटून खाण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.