बांध आणि गाभारा

शलमोनाने जेरुसलेमात बांधलेल्या मंदिराची मापं बायबलमध्ये हातांत दिली आहेत: लांबी 60, रुंदी 20, उंची 30. सर्वांत आतलं परमपवित्रस्थान तिन्ही अंगांनी 20 हात, म्हणजे नेमका घन. भिंतींवर खजुरीची झाडं आणि उमललेली फुलं कोरलेली. अंगणात ओतीव गंगाळसागर, काठापासून काठापर्यंत 10 हात, बारा बैलांच्या पाठीवर तोललेला. तीन-तीन बैल चारही दिशांना तोंड करून. उत्पत्तीच्या कथेत देव पाण्यापासून पाणी वेगळं करतो, समुद्राला त्याची जागा नेमून देतो आणि सातव्या दिवशी विसावतो. मंदिरही सात वर्षांत पुरं झालं, आणि तो नेमून दिलेला समुद्र अंगणात येऊन बसला. त्यामुळे हे मंदिर म्हणजे सृष्टीची प्रतिकृती, असं अनेक अभ्यासक मानतात. पहिल्या शतकातल्या यहुदी इतिहासकार जोसेफसने तर ह्या मंदिराच्या आधीच्या, मोशेच्या निवासमंडपाचे दोन भाग जमीन आणि समुद्र, तिसरा आकाश, असा थेट अर्थ लावून ठेवला होता.

मला हे पटतं, पण पुरेसं वाटत नाही. प्रतिकृती एकदा केली की काम संपतं. सृष्टीतली व्यवस्था मात्र रोज राखावी लागते.

मालवण तालुक्यातल्या धामापूरला समुद्र ओतावा लागला नाही. विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी 1530 साली इथे डोंगरांच्या मध्ये मातीचा बांध घालून तलाव केला, असं सांगितलं जातं. ह्या भागात पाऊस पडतो तो तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, पण चार महिन्यांत. आणि जांभ्याच्या उतारावरून बघता बघता खाडीला जाऊन मिळतो. वैशाखात विहिरी तळाला लागतात. अशा मुलखात पाण्याला 'इथपर्यंत, पुढे नाही' असं म्हणणं हेच सृष्टीच्या पहिल्या दिवसांतलं काम. त्या पाण्याच्या अगदी काठाशी भगवतीचं देऊळ आहे. 2020 साली सिंचन आणि निचऱ्याच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने तलावाला जागतिक वारसा म्हणून मान दिला. तो सिंचनाच्या बांधकामाला मिळालेला मान होता, पण इथे देवी आणि बांध वेगळे काढून दाखवणं कठीण आहे.

तलावाची एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. लग्नकार्य निघालं की फुलांचे दागिने करून परडीत ठेवायचे, परडी पाण्यात सोडायची आणि देवीला गाऱ्हाणं घालायचं. परडी वर यायची ती सोन्याचे दागिने घेऊन. कार्य उरकलं की ते परत करायचे. कुणीतरी परत केले नाहीत आणि देणं बंद झालं. चमत्कार बाजूला ठेवा. गोष्टीतला हिशोब बघा. देणारी देवी असली तरी घेण्याला हद्द आहे. पाटाचं पाणी वाटून घेणाऱ्या गावाला ह्याहून वेगळं ईश्वरशास्त्र लागत नाही.

मर्यादेची ही भाषा माणसांवर वापरली की मात्र ती कडू होते. शलमोनाने लबानोनात लाकूड तोडायला 30,000 माणसं वेठीला धरली होती. दर महिन्याला दहा हजारांची पाळी. कोकणातल्या देवळांतही गाऱ्हाणं कोणी घालायचं, पहिला मान कोणाचा, कोणी कोणत्या पायरीपर्यंत यायचं, हे ठरलेलं असे, आणि 'देवाचंच तसं आहे' म्हटलं की प्रश्न मिटे. पाण्याची हद्द पावसाळ्यात तपासली जाते, ती चुकली तर बांध फुटतो. माणसांची हद्द तपासायला कोणी येत नाही. म्हणून देवळाच्या रचनेत दैवी व्यवस्था दिसते असं कोणी म्हणालं की मी आधी विचारतो, उंबऱ्याबाहेर कोण उभं आहे?

आता ह्याच देवळांच्या जीर्णोद्धाराच्या नावाखाली जांभा, सागवान आणि कौलं जातात, स्लॅब आणि चकचकीत फरशी येते. शोभेचा प्रश्न मी सोडून देतो. पण खालचं पाणी आणि वरचं रान सांभाळायचं राहून गेलं, तर नव्या कळसाखाली कोणती व्यवस्था उरते?

मंदिराची व्यवस्था पाण्यापासून वेगळी नाही, हे बायबलमधल्या यहेज्केल संदेष्ट्याला कळलं होतं. त्याच्या दृष्टांतात मंदिराच्या उंबऱ्याखालून झरा निघतो, पूर्वेकडे वाहता वाहता नदी होतो आणि मृत समुद्राचं पाणीसुद्धा गोडं करतो. फक्त दलदलीची ठिकाणं तो खारी राहू देतो, मिठासाठी. शिरोड्याच्या मिठागरांत राबलेल्या माणसाला ह्या ओळीवर भाष्याची गरज पडू नये.