नळीने पाजलेले दूध

गेल्या चातुर्मासात कीर्तन आटोपल्यावर सभामंडपात काही मंडळी बसली असता एका सभासद गृहस्थांनी एक प्रश्न विचारला. प्रश्न त्यांच्या नातवाचा होता. त्यामुळे स्वर शांत असला तरी आतली व्याकुळता लपत नव्हती. मूल अडीच महिन्यांचे. जन्मतः वजन दोन किलो आठशे ग्रॅम होते आणि त्या दिवशी काट्यावर ते जेमतेम तीन किलो चारशे भरले होते. नाकावाटे जठरापर्यंत एक बारीक नळी घालून तीतून दूध द्यावे, असे डॉक्टरांनी सुचविले होते आणि घरात त्यावरून दोन तट पडले होते. गृहस्थ म्हणाले, "जे लेकरू तोंडाने घेत नाही, त्याच्या पोटात आपण बळेच घालावे, हा धर्म की अधर्म?" उपस्थितांपैकी प्रत्येकाने काही ना काही सांगितले. मीही सांगितले. परतताना वाटेत माझ्या ध्यानी आले की उत्तरे पुष्कळ झाली, परंतु त्या मुलाला झाले आहे काय, हे एकानेही विचारले नव्हते.

पुढे त्या घरी माझे जाणे-येणे झाले. त्यांच्या संमतीनेच, नावगाव न सांगता, हा विषय येथे मांडीत आहे; कारण असा प्रसंग आपल्या सभासद कुटुंबांपैकी कोणावरही येऊ शकेल.

प्रथम वजनाविषयी. मूल बारीक असणे हा काही रोग नव्हे. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत प्रत्येक बाळाचे वजन थोडे उतरते आणि साधारण दोन आठवड्यांत ते भरून येते. नंतरचे पहिले काही महिने दिवसाला वीस ते तीस ग्रॅम वाढ होत राहिली, म्हणजे समाधान मानावे. ठेंगण्या, सडपातळ आईबापांचे मूल सडपातळच राहील. ते जर आपल्या रेषेने संथपणे वर चढत असेल, तर शेजारच्या गुटगुटीत बाळाशी त्याची तुलना करण्यात अर्थ नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली वाढीचे जे तक्ते प्रसिद्ध केले, ते दवाखान्यात भिंतीवर किंवा बाळाच्या पुस्तिकेत आपण पाहतोच. त्यांत एका ठिपक्याला फारसे महत्त्व नाही. ठिपके जोडणारी रेषा कोणत्या दिशेने चालली आहे, ते पाहावयाचे असते. या बाळाची रेषा पहिले तीन-चार आठवडे ठीक चढली आणि नंतर आडवी पडली. सत्तर दिवसांत सहाशे ग्रॅम, आणि त्यांतलेही बहुतेक आरंभीचेच.

कारण हृदयात होते. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला मोठे छिद्र होते. अशा मुलांत पहिले काही आठवडे काही दिसत नाही. पुढे फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांचा दाब जन्मानंतरच्या क्रमाने उतरत गेला, की छिद्रातून जादा रक्त फुप्फुसांकडे वळते आणि मूल धापा टाकू लागते. निरोगी तान्ह्या बाळाला दर किलो वजनामागे दिवसाला शंभर-एकशेदहा कॅलरी पुरतात. अशा बाळाला एकशेवीस ते दीडशे लागतात, कारण नुसता श्वास घेणे हेच त्याचे कष्टाचे काम होऊन बसते. म्हणजे ज्याला अधिक हवे, त्यालाच कमी घेता येते. आई सांगत असे, की बाळ भुकेने उठते, अधाशासारखे स्तन पकडते, पाच मिनिटांत त्याच्या कपाळावर घामाचे थेंब येतात आणि ते गळून झोपी जाते. अर्ध्या तासाने पुन्हा रडत उठते. एकेक पाजणे तासभर चाले. आणि त्या तासात पोटात जाई त्यातले बरेचसे त्या श्रमातच खर्ची पडे. या छिद्रावर शस्त्रक्रिया आहे, आणि ती यशस्वीही होते. परंतु शस्त्रक्रियेपर्यंत आणि शस्त्रक्रियेतून पार पडण्याइतके अंगात असावे लागते.

आता त्या गृहस्थांच्या प्रश्नातील "बळेच" या शब्दाकडे वळू. हा शब्द साधा नाही. त्याला इतिहास आहे. सन १९२९ मध्ये लाहोरच्या तुरुंगात उपोषणास बसलेल्या जतींद्रनाथ दासांना नळीने बळेच दूध पाजण्याचा प्रयत्न झाला, ते फुप्फुसात गेले, आणि ६३ दिवसांच्या उपोषणानंतर १३ सप्टेंबर रोजी त्यांनी देह ठेवला. त्यापूर्वी वीस वर्षे, १९०९ पासून, मताधिकारासाठी झगडणाऱ्या स्त्रियांना इंग्लंडच्या तुरुंगांत असेच धरून, नळी घालून भरविण्यात येई. ज्यांनी हे वाचले आहे, त्यांच्या मनात नळी म्हटल्याबरोबर किळस उत्पन्न झाली तर ते स्वाभाविक आहे. परंतु त्याच्याही आधी, १८८० च्या दशकात, पॅरिसच्या प्रसूतिगृहात तार्निए नावाच्या वैद्याने अपुऱ्या दिवसांच्या, चोखण्याचे बळ नसलेल्या अर्भकांना अशाच मऊ रबरी नळीने दूध पाजून जगविले होते. साधन तेच. लाहोरच्या कोठडीत ज्याच्यावर ते चालविले, तो पूर्ण शुद्धीवर असलेला, समजून-उमजून नको म्हणणारा पुरुष होता. त्याच्या नकारावर चालून जाणे हाच तेथला अधर्म. पॅरिसमधील अर्भकाने काही नाकारले नव्हते.

यावर कोणी म्हणेल, तान्हे मूलही नाकारते. ते तोंड फिरविते, ओठ मिटते. खरे आहे, आणि हा आक्षेप मला हलका वाटत नाही. तोंड फिरविणे ही तान्ह्याची भाषा आहे; परंतु तिचे अर्थ अनेक. पोट भरले, थकलो, घशाशी दूध उलटून जळजळते, जीभ दुखते, नाक चोंदले आहे; या सर्वांसाठी त्याच्याजवळ ती एकच खूण. म्हणून नळीचा विचार करण्यापूर्वी त्या खुणेचा अर्थ शोधलाच पाहिजे. दूध वर येत असल्याने जे मूल तोंड फिरविते, त्याला उपाय न करता नळीने अधिक दूध देणे म्हणजे त्याचे म्हणणे न ऐकणे होय. आणि जे मूल मुळात भुकेच्या वेळी मागते, तृप्त होऊन झोपते आणि आपल्या रेषेवर चढते, त्याला केवळ आकडा वाढावा म्हणून नळी घालणे मला अन्यायाचे वाटेल. या घरातले बाळ मात्र दर अर्ध्या तासाने उठून मागत होते. त्याची इच्छा पुरेशी होती, शक्ती तेवढी अपुरी होती.

आजींचा विरोध निराळ्या जातीचा होता. "आम्ही बोंडल्याने पाजून सहा मुले वाढविली, नळ्या कसल्या घालता?" असे त्या म्हणत. बोंडल्याविषयी मला आदर आहे. आजही मोठमोठ्या रुग्णालयांत, ज्या बाळांना चोखता येत नाही पण गिळता येते, त्यांना तसल्याच चोचीच्या भांड्याने किंवा वाटी-चमच्याने पाजतात, आणि पुष्कळ ठिकाणी नळी त्यामुळे टळते. परंतु जे मूल मिनिटाला साठ-सत्तर श्वास घेत आहे, त्याच्या तोंडात धार सोडली तर ती श्वासनलिकेत जाण्याचे भय असते. एक दिवस मी आजींना सहज म्हटले, "आजी, आईच्या अंगावरून न घेता दूध भांड्याने द्यावे लागले, तेव्हा तुमच्या सासूबाईंनी काही म्हटले नव्हते?" त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हटले होते तर! पुष्कळ म्हटले होते."

सर्वांत कमी बोलत होती ती बाळाची आई. या प्रश्नाचा खरा भार तिच्यावर होता. आणि आपण भेटायला जाणारी मंडळी तो वाढवीत होतो. "किती गं रोडावलाय", "दूध पुरत नाही वाटते", "माझ्या नणंदेने शतावरी घेतली होती" ही वाक्ये उच्चारणाऱ्याला सहानुभूतीची वाटतात. ऐकणारीला ती आरोपपत्रासारखी लागतात. नळीला होकार देणे म्हणजे आपण आई म्हणून अपुऱ्या ठरलो अशी कबुली, असे तिला वाटत होते. वस्तुतः नळीतून जावयाचे दूध तिचेच होते. ते काढून, मोजून द्यावयाचे. कमी पडल्यास दुग्धपेढीचे वा डॉक्टर सांगतील ते. मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९ साली आशिया खंडातील पहिली मातृदुग्धपेढी निघाली, ती अशाच बाळांच्या गरजेतून. कृत्तिकांनी कार्तिकेयाला पाजले म्हणून पार्वतीचे मातृत्व उणावले, असे आपल्या पुराणांत कोणी म्हटलेले नाही.

तरीही नळी ही निरुपद्रवी वस्तू आहे असे मी सांगणार नाही. ती चुकून श्वासमार्गात गेली तर प्राणावर बेतते. म्हणून प्रत्येक वेळी पाजण्यापूर्वी नाकाशी केलेली खूण जागेवर आहे ना ते पाहावे लागते आणि पोटातील थेंबभर द्रव ओढून, तो आम्ल आहे ना, हे रंग बदलणाऱ्या कागदावर तपासावे लागते. गालावरील चिकटपट्टीने कातडी सोलवटते. मूल हाताने नळी उपसते; पुन्हा घालताना रडते, आणि ते रडणे आईबापांनीच ऐकावयाचे असते. याहून खोल धोका निराळाच आहे. पहिल्या तीन-चार महिन्यांपर्यंत चोखणे हे बाळाच्या उपजत प्रेरणेने चालते. पुढे ते स्वेच्छेचे होते. त्या काळात तोंडाला दुधाची चव आणि चोखण्याचे सुख मिळालेच नाही, तर काही मुले पुढे तोंडाजवळ काही आणू देत नाहीत, आणि तात्पुरती म्हणून आलेली नळी महिनोन् महिने राहते. म्हणून माझ्या मते डॉक्टरांना विचारण्याचा महत्त्वाचा प्रश्न हा, की ही नळी काढावयाची केव्हा आणि कशावरून. तो पहिल्या दिवशीच विचारावा.

या घरी शेवटी असे ठरले: प्रत्येक वेळी आधी अंगावर, पण वीस मिनिटांच्या वर नाही, उरलेले दूध नळीने, बाळाला मांडीवर घेऊन, पिचकारीचा दट्ट्या काढून नुसत्या उताराने हळूहळू, रात्री दोन वेळा केवळ नळीने, म्हणजे आईलाही झोप मिळेल. दोन आठवड्यांनी फेरविचार. निर्णय आईबापांनी घेतला. बाकीच्यांनी, आजोबांसह, तो मान्य करण्याचे ठरविले. पहिल्या आठवड्यात उलट्या झाल्या आणि वजन अवघे साठ ग्रॅम वाढले. बाप खचला. डॉक्टरांनी प्रमाण कमी करून वेळा वाढविल्या, तेव्हा गाडी मार्गी लागली. मार्गशीर्षात पावणेपाच किलोंच्या बाळावर शस्त्रक्रिया झाली.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. या बाळाच्या पुढे शस्त्रक्रिया होती. नळी कोठे तरी पोहोचविणार होती. ज्या मुलांचे दुखणे बरे होण्यासारखे नसते, ज्यांच्या मेंदूची वा शरीराची हानी फार खोल असते, त्यांच्या बाबतीत तीच नळी कधी दिलासा देते, तर कधी केवळ यातना लांबविते. तेथे एखाद्या आईबापाने डॉक्टरांशी विचार करून नळी नको म्हटले, हातावर घेऊन थेंब थेंब जेवढे जाईल तेवढेच पाजले, तर त्यांनी मुलाला उपाशी मारले असे म्हणण्याचा अधिकार मंदिराच्या पायरीवर बसलेल्या आपल्यापैकी कोणालाही नाही. मी तसे एकदा, पुष्कळ वर्षांपूर्वी, एका घराविषयी बोललो होतो. ते शब्द परत घेता आले नाहीत.

शस्त्रक्रियेनंतर नळी तीन आठवड्यांत निघेल असे सांगितले होते. ती निघाली नाही. बाळ अंगावर थोडे घेई, वाटी-चमचा दिसला की मान फिरवी. आठव्या महिन्यात, माघात, उष्टावण ठरले, तेव्हा नळी असताना करावे की नाही यावर पुन्हा चर्चा झाली. ती आजींनीच मिटविली. मंदिरामागच्या ओवरीत दहा-बारा माणसे जमली. मामाने सोन्याच्या अंगठीला तांदळाच्या खिरीचा थेंब लावून बाळाच्या ओठांना टेकविला. बाळाने तोंड वेडेवाकडे केले, जीभ बाहेर काढली, ओठ चाटले आणि मामाचे बोट धरून पुन्हा तोंडाकडे ओढले. दुसऱ्या थेंबाला मात्र ते रडले. मग आजींनी त्याला मांडीवर घेतले, कागदावर थेंब तपासला, आणि उरलेले दूध नळीने पाजले.